ज्यांच्याबद्दल बोलणं चाललेलं असतं

जॉन डॅशवुडच्या मनात सुरुवातीला तीन हजार पौंड होते. तीन सावत्र बहिणी, प्रत्येकीला हजार. वडिलांनी शेवटच्या दुखण्यात त्याला बोलावून घेतलं, सावत्र आई आणि या मुली त्याच्या हवाली केल्या, आणि त्याने शब्द दिला की त्यांना सुखात ठेवण्यासाठी हातून होईल ते सगळं करीन. शब्द देताना तो खोटं बोलत नव्हता. नॉरलंडच्या इस्टेटीचे वर्षाला चार हजार आता आपल्याला मिळणार, शिवाय सख्ख्या आईच्या पैशाचा उरलेला अर्धा वाटाही येणार, या विचाराने त्याचं मन मोठं होतं आणि तीन हजार ही रक्कम त्याला सहज झेपणारी वाटते. कित्येक दिवस तो हाच बेत मनात घोळवतो आणि त्याला जराही पस्तावा होत नाही. मग बायकोशी, फॅनीशी, बोलणं होतं. जेन ऑस्टिनच्या ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’चं दुसरं प्रकरण म्हणजे जवळजवळ एवढं एकच बोलणं. ते संपतं तेव्हा तीन हजार पौंडांच्या जागी हंगामात पाठवायची मासळी आणि शिकारीचे पक्षी उरलेले असतात.

रक्कम खाली कशी येते, ते पायरीपायरीने वाचण्यासारखं आहे. फॅनी आधी मुलाला पुढे करते: आपल्या छोट्या हॅरीच्या तोंडचा घास काढून कुणाला द्यायचा? मग नातं: सावत्र म्हणजे नात्यातलेच नव्हेत. मग मरणारा माणूस: अशा आजारात आपण काय बोलतोय याचं भान कुणाला असतं? आणि मग तो मुद्दा, जो कुठल्याही घरात चालतो: एकदा हातचा गेलेला पैसा परत येत नाही. मुली लग्न करतील आणि तो कायमचा जाईल. जॉन निम्म्यावर येतो, प्रत्येकीला पाचशे. फॅनी याला फार उदारपणा म्हणते आणि हिशेब काढते की आईच्या पश्चात प्रत्येकीला तीन हजारांवर मिळणारच आहेत, मग आता कशाला? जॉनला ते पटतं, आणि त्याला सुचतं की आईलाच तहहयात वर्षासन बांधून द्यावं, वर्षाला शंभर. इथे फॅनी क्षणभर थांबते आणि मग म्हणते की ती आणखी पंधरा वर्षं जगली तर आपण पुरते फसू. बाई धडधाकट आहे, चाळिशीचीसुद्धा नाही. वर्षासन मिळणारी माणसं मरत नाहीत, हा तिचा घरचा अनुभव. तिच्या वडिलांनी मृत्युपत्रात तीन म्हाताऱ्या नोकरांना वर्षासन लावून दिलं होतं, ते देता देता तिची आई कंटाळून गेली. त्यातला एक मेला अशी बातमी आली होती, तीही खोटी निघाली. मग जॉन ठरवतो, बांधून घ्यायचं नाही, अधूनमधून पन्नास पौंड पाठवू. आणि शेवटी फॅनी सांगते की तुझ्या वडिलांच्या मनात पैसे द्यावेत असं मुळी नव्हतंच. त्यांना एवढंच म्हणायचं होतं की एखादं छोटंसं घर बघून दे, सामान हलवायला मदत कर, हंगामात मासळी पाठव. जॉनला हे इतकं पटतं की वडिलांचा अर्थ आता कुठे आपल्याला कळला असं त्याला वाटतं.

शेवटी फॅनीला आठवतं ते चिनी मातीच्या भांड्यांचं. सासू न्याहारीचा जो संच घेऊन जाणार आहे, तो या घरातल्यापेक्षा दुप्पट सुंदर आहे.

या प्रकरणात दुष्ट म्हणावं असं कुणी बोलत नाही. आवाज चढत नाही, कुणी कुणाला धमकावत नाही. प्रत्येक वाक्य समंजस, संसारी, पैशाचं भान असलेल्या माणसाचं आहे, आणि म्हणूनच ते वाचताना पोटात खड्डा पडतो. पण त्याहून जास्त सलते ती दुसरी गोष्ट. ज्या चौघींचं पुढचं सगळं आयुष्य या बोलण्यावर ठरतंय, त्या तिथे नाहीत. त्या त्याच घरात आहेत, पण पाहुण्या म्हणून. अंत्यविधी उरकतो न उरकतो तोच फॅनी सूचनाही न देता, मुलगा आणि नोकरचाकर घेऊन नॉरलंडमध्ये दाखल झालेली असते, आणि सासऱ्याने डोळे मिटले त्या क्षणापासून घर नवऱ्याचं झाल्यामुळे कुणाला हरकतही घेता येत नाही.

जॉनच्या बापाने, हेन्री डॅशवुडने, हे सगळं लिहून का ठेवलं नाही, असा प्रश्न वाचकाच्या मनात येतोच. उत्तर पहिल्या प्रकरणात आहे आणि ते घाईत वाचलं तर निसटतं. इस्टेट हेन्रीची नव्हतीच. ती होती त्याच्या म्हाताऱ्या चुलत्याची. हेन्री आपल्या बायकोमुलींसह वर्षानुवर्षं त्या चुलत्याजवळ राहिला, त्याला जपलं. पण म्हाताऱ्याने मृत्युपत्र असं केलं की हेन्रीला ती फक्त हयातीपुरती मिळावी आणि पुढे जॉनकडून जॉनच्या चार वर्षांच्या मुलाकडे जावी. हेन्रीला तिच्यावर मुलींसाठी बोजा चढवता येत नव्हता, जंगलातली मोलाची झाडं तोडून विकताही येत नव्हती. म्हाताऱ्याने मुलींना आठवण म्हणून प्रत्येकी हजार पौंड ठेवले, एवढंच. हेन्रीचा हिशेब असा होता की दहावीस वर्षं जगू, काटकसर करू, उत्पन्नातून मुलींसाठी शिल्लक टाकू. चुलत्यामागे तो एक वर्षच जगला. त्याचे स्वतःचे सात हजार आणि मुलींचे तीन, असे दहा हजार उरले. पाच टक्क्यांनी त्याचं व्याज वर्षाला पाचशे. त्यात चार बायका. ‘ना घोडागाडी, ना घोडे, नोकर जवळजवळ नाहीत, मग खर्च तो कसला?’ असं फॅनी म्हणते तेव्हा ती हाच पाचशेचा आकडा धरून बोलत असते. कागदावर काही करायची मुभाच नव्हती, म्हणून हेन्रीने तोंडी वचन मागितलं. त्या वचनाला रक्कम नव्हती, तारीख नव्हती, साक्षीदार नव्हता. रक्कम नसलेल्या वचनात आकडा भरायचं काम नेहमी देणाऱ्याकडेच राहतं.

पुढे डेव्हनशरमधल्या बार्टन कॉटेजमध्ये चौघी राहायला जातात ते आईच्या एका चुलतभावाच्या, सर जॉन मिडलटनच्या आधाराने. त्या तिथे पोचतात त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याच्याकडून भाजीपाल्याची आणि फळांची मोठी टोपली येते, आणि संध्याकाळच्या आत मागोमाग शिकारीचे पक्षी. सख्ख्या बापाच्या मुलाने कबूल केलेली शेवटची किरकोळ गोष्टसुद्धा दूरच्या नातेवाइकाने न बोलता करून टाकली, यावर ऑस्टिन एक शब्दही खर्च करत नाही. टोपली येते आणि गोष्ट पुढे जाते. नंतर सर जॉनचा मित्र कर्नल ब्रँडन फॅनीच्या भावाला, एडवर्डला, दोनशे पौंड उत्पन्नाची धर्मोपदेशकाची जागा देऊ करतो तेव्हा जॉन चक्रावतो: ना नातं, ना संबंध, मग दिली कशाला? आधीचा उपदेशक म्हातारा आणि आजारी असताना तो हक्क विकायला काढला असता तर चौदाशे मिळाले असते, हा त्याचा हिशेब तयार असतो.

ऑस्टिनला हे सगळं जवळून माहीत होतं. जानेवारी १८०५ मध्ये तिचे वडील बाथमध्ये वारले आणि त्यांच्या धर्मोपदेशकाच्या जागेचं उत्पन्न त्यांच्याबरोबरच संपलं. मागे आई आणि दोन अविवाहित मुली राहिल्या, कॅसँड्रा आणि जेन. भावांनी आपापसांत पत्रं लिहून वर्षाकाठी कोण किती देणार ते ठरवलं. जेम्स पन्नास, हेन्री पन्नास. आरमारातल्या फ्रँकने शंभर देऊ केले आणि हे गुपित ठेवा म्हणून सांगितलं, पण आईने त्याच्याकडून पन्नासच घेतले. नॉरलंडमधला आकडा खाली येतो आणि इथलाही खाली येतो, फक्त इथे तो घेणारीने खाली आणला. श्रीमंत नातेवाइकांनी दत्तक घेतलेल्या एडवर्ड या भावाने पुढे १८०९ मध्ये चॉटनचं घर त्यांना राहायला दिलं. तिथे राहत असताना, १८११ मध्ये, ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ छापून आली, ‘एका स्त्रीने लिहिलेली’ एवढंच मुखपृष्ठावर टाकून, छपाईचा खर्च आणि जोखीम स्वतःच्या शिरावर घेऊन. त्या आवृत्तीतून तिला १४० पौंड मिळाले. भावांकडून न आलेला पैसा.

तोंडी वचन टिकत नाही, तर मग कागद करावा. ‘द वुमन इन व्हाइट’ ही १८५९-६० मध्ये क्रमशः आलेली कादंबरी या कागदाच्या पोटात शिरते. विल्की कॉलिन्स सनद घेतलेला बॅरिस्टर होता. वकिली त्याने जवळजवळ केली नाही, पण मसुदा कसा तयार होतो आणि कुठे फुटतो हे त्याला नीट ठाऊक होतं. त्या वेळच्या इंग्रजी कायद्यात लग्न लागलं की बायकोची रोकड, शेअर, दागिने नवऱ्याचे होत आणि जमिनीचं उत्पन्नही त्याच्या हातात जाई. आपल्याकडे स्त्रीधन निदान शास्त्राने बाईचं मानलं होतं, तिथे तेवढंही नव्हतं. त्यावर श्रीमंत बापांनी काढलेला मार्ग म्हणजे लग्नाआधीचा करारनामा. पैसा विश्वस्तांच्या नावे करायचा, त्यांनी तो फक्त तिच्या वापरासाठी सांभाळायचा. वधूच्या वकिलाने मसुदा करायचा, वराच्या वकिलाने समासात हरकती लिहून परत पाठवायचा, आणि हे सगळं लग्नाच्या तारखेच्या आत मिटवायचं, कारण लग्नानंतर वाटाघाट करायला बाईच्या हातात काही उरत नाही.

लॉरा फेअरलीचे स्वतःचे वीस हजार पौंड आहेत. तिचा वकील गिलमोर कलम लिहितो: व्याज तहहयात तिला, तिच्यामागे हयातीपुरतं नवऱ्याला, मुद्दल मुलांना, आणि मूल नसेल तर ती मृत्युपत्रात लिहील त्याला. या शेवटच्या तुकड्यात सगळा जीव आहे. लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या मर्जीने मृत्युपत्र करता येत नसे. तो अधिकार करारनाम्यातच राखून ठेवावा लागे. मसुदा तिच्या होणाऱ्या नवऱ्याच्या, सर पर्सिव्हल ग्लाइडच्या वकिलाकडून परत येतो आणि याच कलमाच्या बाजूला लिहिलेलं असतं: मान्य नाही. मूल नसताना लेडी ग्लाइड आधी गेली तर मुद्दल सर पर्सिव्हलला. गिलमोर हादरतो. नवऱ्याला बायकोच्या मरणात वीस हजारांचा फायदा दाखवणारा कागद त्याने जन्मात केलेला नाही. तो उठून कंबरलंडला जातो, लॉराच्या पालकाला, तिच्या चुलत्याला भेटतो. फ्रेडरिक फेअरली आपल्या नाजूक मज्जातंतूंना कुरवाळत, चित्रं आणि नाणी भोवती मांडून बसलेला असतो. त्याचं उत्तर एका वाक्याचं आहे: एकवीस वर्षांची मुलगी पंचेचाळीस वर्षांच्या माणसाआधी मरेल, तीही निपुत्रिक, हे कितपत संभवतं? मला त्रास नको. मार्चमध्ये लॉरा सज्ञान होणार असते. लग्न ठरतं डिसेंबरमध्ये. मधले थोडे महिने तिच्या वतीने सही करण्याचा अधिकार अशा माणसाकडे आहे, ज्याला कटकट नको आहे. गिलमोर कागद तसा करून देतो आणि म्हणतो की माझी मुलगी असती तर या करारावर मी तिचं लग्न कुणाशीही होऊ दिलं नसतं. पुढे पांढऱ्या कपड्यातल्या बाईचं, वेड्यांच्या इस्पितळाचं आणि खोट्या थडग्याचं जे भयंकर कारस्थान घडतं, त्याला बळ पुरवणारा आकडा हाच वीस हजारांचा आहे, आणि त्यावर लॉराच्या मरणानंतर तिच्या आत्याला मिळायचे दहा.

पण याच भागातलं एक छोटं दृश्य मला त्या कलमाहून मोठं वाटतं. गिलमोर लॉराला विचारतो, करारनाम्यात तुला काय हवं? पैशाबद्दल ती काही बोलत नाही. ती रडवेली होऊन म्हणते, मॅरियन माझ्याजवळ राहील असं कायद्यात लिहा. मॅरियन ही तिची सावत्र बहीण, कुरूप, हुशार, खंबीर. गिलमोरला हसू आणि कीव दोन्ही येतं. असल्या गोष्टी आपसांत बोलून ठरवायच्या, त्याचं कलम होत नाही, असं तो तिची समजूत घालतो. पुढे साऱ्या कादंबरीत लॉराला जे काही वाचवतं, ते मॅरियनच. बैठकीत मुलीला विचारलं गेलं असतं आणि तिचं ऐकलं गेलं असतं, तर तिने बरोबर तीच गोष्ट लिहून घेतली असती.

आणि मॅरियन काय करते? एका रात्री सर पर्सिव्हल आणि त्याचा मित्र काउंट फॉस्को दार लावून बोलत बसतात, लॉरा मेली तर किती मिळतात याचा हिशेब मांडतात. मॅरियन सळसळणारा रेशमी पोशाख आणि अंधारात उठून दिसतील असे पांढरे आतले कपडे उतरवते, गडद फ्लॅनेलचा परकर नेसते, अंगावर प्रवासाचा काळा झगा ओढते आणि व्हरांड्याच्या छपरावर उतरून, खिडक्यांसमोरून एकेक पाऊल मोजत, त्यांच्या डोक्यावर जाऊन बसते. पाऊस सुरू होतो. ती भिजत, कुडकुडत, शब्द न् शब्द ऐकते आणि पहाटेपर्यंत लिहून काढते. मग तापाने पडते, आणि नेमक्या त्याच दिवसांत लॉराला पळवलं जातं. चार भिंतींच्या आत चाललेलं बोलणं ऐकायची बाईची वाट ही अशी, छपरावरून, आणि तिची किंमत लगेच मोजावी लागते.

आपल्याकडच्या वाचकाला ही बंद खोली अनोळखी नाही. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ‘करमणूक’ या साप्ताहिकात १८९० पासून क्रमशः येऊ लागली. इथे करारनामा नाही, वकील नाही, वर्षासन नाही. आहे ती पुण्यातली एकत्र कुटुंबाची व्यवस्था, जिच्यात नवरा गेला की त्याचा हिस्सा मागे राहिलेल्या पुरुषांत मिसळून जाई आणि विधवेच्या वाट्याला हक्क म्हणून येई ते अन्नवस्त्र. १८५६ च्या कायद्याने तिला पुनर्विवाहाची मोकळीक दिली, पण त्यातलंच दुसरं कलम सांगतं की पुन्हा लग्न केलं तर पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा सगळा हक्क गेला. कादंबरीची नायिका यमू हिचा नवरा जिवंत असतो तोवर तिला वाचायला मिळतं, मुंबईत मोकळा वारा मिळतो, आपल्या मनाचं बोलता येतं. रघुनाथराव जातात आणि त्या एका माणसावर उभं असलेलं सगळं रातोरात कोसळतं. शंकरमामंजींच्या घरात तिला आश्रय आहे. घराण्याची अब्रू राखायची, धर्म राखायचा, तिलाही ‘राखायचं’, असं सगळे म्हणतात, आणि ते राखणं न्हाव्याच्या वस्तऱ्यापर्यंत जातं. इंग्रजी कादंबऱ्यांत पैसा काढून घेतला जातो. इथे जबरदस्तीने केस काढले जातात, आणि ते तिच्या भल्यासाठी केलं असं म्हणणारी माणसं घरातलीच असतात.

हरिभाऊंनी एक गोष्ट मात्र फार मोठी केली. सगळी हकिकत यमूच्या तोंडी घातली. जॉन आणि फॅनी बोलतात तेव्हा वाचक त्यांच्यासोबत आत बसलेला असतो. यमूच्या गोष्टीत आपण तिच्यासोबत बाहेर उभे असतो, ओसरीवरचं, माजघरातलं तुटक तुटक कानावर येतं, आणि आत काय ठरलं ते तिच्या अंगावर येऊन आदळेपर्यंत पूर्ण कळत नाही. ‘करमणूक’ घरोघरी येत होतं आणि बायका ते वाचत होत्या. त्याच १८९० मध्ये पंडिता रमाबाईंचं विधवांसाठीचं शारदासदन मुंबईहून पुण्यात आलं होतं. ज्या घरांमध्ये असली बोलणी खरोखर चालत, त्याच घरांत हे अंक पोचत होते. विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा मिळायला १९३७ उजाडावं लागलं, तोही हयातीपुरता, आणि पुरती मालकी १९५६ च्या वारसा कायद्याने आली. यमूच्या काळच्या सोळा वर्षांच्या मुलीला तो दिवस बघायला ऐंशीच्या पुढे जगावं लागलं असतं.

पैसे देऊन दुसऱ्याच्या हवाली केलेलं मूल, हा यातला आणखी एक प्रकार. व्हिक्टर ह्यूगोच्या ‘ले मिझराब्ल’मध्ये फाँतीन आपली लेक कोझेत थेनार्दिए नवरा-बायकोकडे ठेवते: महिन्याला सात फ्रँक, सहा महिन्यांचे बेचाळीस आगाऊ, वर पंधरा. मग सातचे बारा होतात, बाराचे पंधरा. पोरीला थंडी वाजते म्हणून पत्र आलं की ती दहा फ्रँकला केस विकते, औषधाला पैसे हवेत म्हणून आलं की चाळीस फ्रँकला पुढचे दोन दात. पोर तिकडे अनवाणी झाडू मारत असते. पैसा वेळेवर पोचतो, पण तो कुठे जातो ते बघायला कुणी नसतं, आणि लांबून पोसलेलं मूल ओलीस ठेवल्यासारखं होतं. ह्यूगोने याच्यासमोर ठेवलेला माणूस म्हणजे फाँतीनच्या मागे कोझेतला वाढवणारा झाँ वालझाँ. कोझेतच्या लग्नाच्या वेळी तो तिच्या नावे पावणेसहा लाखांवर फ्रँक उभे करतो, तिचे जन्माचे कागद नीट लावतो, आणि लग्नाआधी काही दिवस अंगठा चिरडला म्हणून हात गळ्यात बांधून हिंडतो. जखम वगैरे काही नसते. त्याचं नाव खोटं आहे, त्या नावाने सही झाली तर तिच्या लग्नाच्या कागदात खोट शिरेल, म्हणून तो सहीच टाळतो आणि त्याच्या जागी नवरदेव मारियसचे आजोबा सही करतात. दुसऱ्याला जपताना आपली सहीच त्याला घातक ठरेल हे ओळखणारा माणूस कादंबऱ्यांत फार विरळा.

‘जेन एअर’मध्ये वचन आणि कागद दोन्ही आहेत, आणि दोन्ही आधी बिघडतात. मरताना मामा बायकोकडून वचन घेतो की पोरक्या जेनला आपल्या मुलांसारखं वाढवशील. त्याचं काय झालं ते लाल खोलीत कोंडलेली दहा वर्षांची जेन सांगते. नंतर मदीराहून तिच्या काकाचं पत्र येतं: मला मूलबाळ नाही, जेनला दत्तक घ्यायचं आहे. मामी ते दाबून ठेवते आणि कळवते की पोरगी शाळेत तापाने गेली. तीन वर्षांनी, मरणाच्या दारात, ती ते पत्र जेनच्या हातात देते. लग्न ठरल्यावर रॉचेस्टर तिला दुकानांतून फिरवतो, रेशीम आणि दागिने घ्यायला लावतो. सजवलेल्या बाहुलीसारखं वाटून तिचा जीव अवघडतो. तिला वाटतं, थोडंसं का होईना, आपलं स्वतःचं काही असतं तर! म्हणून ती काकाला पत्र टाकते की मी जिवंत आहे आणि माझं लग्न ठरलंय. ते पत्र पोचतं तेव्हा योगायोगाने काकाजवळ बसलेला असतो रॉचेस्टरच्या बायकोचा सख्खा भाऊ. पुढे ऐन लग्नात, चर्चमध्ये, वकील उभा राहतो. रॉचेस्टरची पहिली बायको जिवंत आहे हे जगाला कळतं आणि जेन त्या फसव्या लग्नातून सुटते. तिला वाचवलं ते तिच्याच पत्राने, आणि ते पत्र तिने लिहिलं होतं कुणाच्या ओंजळीने पाणी प्यावं लागू नये म्हणून.

काकाचे वीस हजार तिला मिळतात तेव्हा ती काय करते, हे जॉन डॅशवुडच्या प्रकरणासमोर ठेवून वाचावं. ती आणि तिची तीन आत्तेभावंडं, सेंट जॉन, डायना आणि मेरी: चौघांना प्रत्येकी पाच हजार. सेंट जॉन तिला समजावतो की घाईत ठरवू नकोस, काही दिवस विचार कर. डायना आणि मेरी नको म्हणतात. ज्यांच्याबद्दल ठरतंय ते सगळे इथे बोलण्यात आहेत. जेन ऐकत नाही. तिसऱ्याकडे निवाडा द्या म्हणते, मिस्टर ऑलिव्हर आणि एक जाणता वकील पंच म्हणून बसतात, तिचं म्हणणं मान्य करतात, हस्तांतराचे कागद होतात. आकडा आधी ठरला तो शेवटपर्यंत पाच हजारच राहतो.

शार्लट ब्राँटेने १८४७ मध्ये हे लिहिलं आणि १८५४ मध्ये तिचं स्वतःचं लग्न झालं, वडिलांचा मदतनीस उपदेशक आर्थर बेल निकल्स याच्याशी. लग्नाच्या महिनाभर आधी, मे महिन्यात, तिने करारनामा केला. लिखाणातून साठलेले आणि गुंतवलेले सोळाशेवर पौंड विश्वस्ताकडे गेले, आणि मूल न होता ती वारली तर ते नवऱ्याला नव्हे, तिच्या म्हाताऱ्या वडिलांना मिळावेत असं त्यात लिहिलं. गिलमोरला जे कलम राखता आलं नाही, तसंच काहीसं तिने ‘द वुमन इन व्हाइट’च्या पाच वर्षं आधी स्वतःसाठी राखून घेतलं होतं. पुढच्या फेब्रुवारीत, गरोदर आणि अतिशय आजारी असताना, तिने मृत्युपत्र केलं आणि सगळं निकल्सच्या नावे लिहिलं. ३१ मार्च १८५५ ला ती गेली, अडतीस वर्षांची.

पॅट्रिक ब्राँटे तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते, नजर अधू, बायको आणि सहाही मुलं त्यांच्याआधी गेलेली. लग्नाआधी ठरलं होतं की निकल्सने हॉवर्थच्या त्याच घरात राहायचं आणि म्हाताऱ्याला सोडून जायचं नाही. याच म्हाताऱ्याने सुरुवातीला निकल्सला इतका कडवा विरोध केला होता की त्याला गाव सोडावं लागलं होतं. आता शार्लट नव्हती आणि सगळा पैसा निकल्सकडे आला होता. तो तिथेच राहिला, सहा वर्षं, १८६१ च्या जूनमध्ये पॅट्रिक जाईपर्यंत. चर्चचं बरंचसं काम त्यानेच ओढलं. त्यानंतर हॉवर्थच्या विश्वस्तांनी ती जागा दुसऱ्याला दिली, आणि निकल्स सामान आवरून आयर्लंडला परत गेला.